लंबकावरचा हात

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या घरात माणसं आवाजाने झोपतात आणि शांततेने दचकून जागी होतात. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल, वाटू दे. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांच्या मधल्या बोळात भिंतभर टांगलेली लोकांची घड्याळं. दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. आधी ते वर नेऊन टांगायचं, काही दिवस त्याच्यासोबत राहून बघायचं, मागे पडतं का, पुढे पळतं का, ही सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त. सासरे गेले, शिस्त राहिली. त्यामुळे बोळात सदा टकटक. कुणाची जाडजूड, कुणाची किरटी, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. सून लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला तिचं डोकं उठायचं. मग कान सरावले, आणि इतके सरावले की एखादं घड्याळ बंद पडलं की जेवता जेवता ती, नवरा आणि सासूबाई, तिघंही मान वर करायची.

सूनही त्याच कामातली. जुन्या तबकड्यांवरचे पुसट झालेले आकडे ती पुन्हा रंगवून द्यायची. टेबलावर घट्ट बसवलेली तबकडी, हातात केसभर टोकाचा ब्रश, आणि ती स्वतः तबकडीला नाक टेकेल इतकी वाकलेली, श्वास रोखून. नवरा म्हणायचा, "तुझी पाठ एक दिवस अशीच अडकून बसणार आहे. तिला तेल कुठून घालायचं ते मला माहीत नाही."

बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. नाव मात्र ठरेना. त्याला सुचेल ते हिला पटत नव्हतं, आणि हिला सुचेल ते नेमकं त्याच्या एखाद्या कटकट्या गिऱ्हाइकाचं निघायचं. तोवर म्हणून 'मुठी' पडलं, कारण पोरीचे हात सदा मिटलेले. झोपेत मिटलेले, आंघोळीत मिटलेले, लंगोट बदलताना मिटलेले. "काहीतरी घेऊन आलीय आणि दाखवत नाहीये," असं नवरा दुकानात येईल त्याला कौतुकाने सांगत सुटायचा.

वर काय चाललं होतं ते मात्र सुनेलाच ठाऊक. पाजायची वेळ जवळ आली की ती आधी टॉवेल शोधायची. मुठीने तोंड लावलं की दारात बोट चिमटावं तशी कळ थेट पाठीपर्यंत जायची. ती पायाची बोटं आवळून घ्यायची, टॉवेलचं टोक दातात धरायची. बोंडांना भेगा पडल्या होत्या, भेगांतून रक्त येत होतं, एकदा तर पोरीच्या हनुवटीवर लाल थेंब दिसला आणि तिला भडभडून आलं. पोरगी लागायची, टक् टक् टक् असा आवाज करायची, निसटायची, रडायची, पुन्हा लागायची. एक पाजणं संपतंय न संपतंय तोच दुसरं सुरू. तिच्या आईने फोनवर सांगितलं, "पहिल्या वेळी होतंच गं असं, सोस थोडं." आणि ती सोसत होती. सोसण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

त्यात नवऱ्याने पहिल्याच दिवशी दाराशी उभं राहून कान दिला आणि त्याचा चेहरा फुलला. "ऐकलंस? काय ठेका धरलाय पोरीने. एक टोला चुकत नाहीये."

झालं. तेव्हापासून तो टक् टक् आवाज म्हणजे सगळं ठीक, असं घराने ठरवून टाकलं. त्या घरात दुसरं काय ठरणार? घड्याळ बोलतंय म्हणजे चालतंय, गप्प झालं की खाली न्यायचं. लेकरू म्हणजे घड्याळ नव्हे, हे दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सुनेनेही त्याच आवाजावर भरवसा ठेवला. दुखतंय ना, दुखू दे, चालू तर आहे.

सासूबाईंचं मात्र तिला कोडं होतं. एरवी बाईने काही कमी केलं नव्हतं. मुठीला न्हाऊ घालायच्या, कपडे धुवायच्या, सुनेचं ताट वाढून हातात द्यायच्या. पण सुनेने बटणं सोडली की त्या उठायच्याच. "मी जरा खाली बघून येते," म्हणायच्या आणि जिना उतरायच्या. खाली बघण्यासारखं काही नसायचं. एकदाही त्या पाजताना खोलीत थांबल्या नाहीत. मुठीच्या त्या मिटलेल्या हाताशी सगळे चाळा करायचे, त्यांनी कधी बोटही लावलं नाही. सुनेला वाटायचं, माझं काहीतरी चुकतंय आणि त्यांना ते बघवत नाही. हे तिला भेगांपेक्षा जास्त लागायचं.

मग घड्याळं थांबायला लागली.

पहिल्यांदा खोलीच्या दाराजवळचं उंच घड्याळ थांबलं. दुपारची वेळ, मुठी अंगावर, आणि बोळातला सर्वांत जाड आवाज एकदम नाहीसा झाला. सुनेने मान वर केली. नंतर नवऱ्याने वर येऊन ते उघडून बघितलं, चावी भरपूर, आत कुठे काही अडकलेलं नाही. लंबकाला बोटाने ढकललं तर चालू. "हवा लागली असेल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन थांबली. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी. आणि नेमकी पाजतानाच. एरवी दिवसभर सगळी गुण्यागोविंदाने चालायची. मुठीला जवळ घेतलं की बोळातला एकेक आवाज कमी व्हायचा, शेवटी घरात एकच आवाज उरायचा, तिच्या हनुवटीखालचा. टक् टक् टक्.

सुनेला भीती वाटायला लागली. साधी नाही, अंगावर काटा आणणारी. तिला वाटायचं, दाराच्या पलीकडे कुणीतरी उभं आहे आणि त्याला फक्त हाच आवाज ऐकायचा आहे. मुठी जवळ नसतानाही तिच्या कानात तो आवाज चालू राहायचा. भांडी विसळताना, केस विंचरताना. पाळण्यापाशी जाऊन बघावं तर पोरगी गाढ झोपलेली, ओठ मिटलेले, मुठी मिटलेल्या.

"या घरात कुणी गेलंय का रे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आजोबा गेले, बाबा गेले. घर म्हटलं की माणसं जाणारच."

"लहान कुणी?"

"लहान मी एकटाच होतो," तो हसत म्हणाला. "आणि मी अजून आहे. तुला झोपेची गरज आहे, बाकी काही नाही."

आणि मुठी उतरत चालली होती. मांड्यांची कातडी सैल झाली होती. रडणं कमी झालं होतं, ते सगळ्यांना बरं लक्षण वाटलं. घरोघरी जाऊन बाळं तपासणाऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी झोळी काट्याला अडकवून पोरीचं वजन केलं आणि भुवया जवळ घेतल्या. "जन्माचं वजनसुद्धा भरून आलेलं नाही. पिते का नीट?"

"हो. सारखी अंगावरच असते," सून म्हणाली.

"मग माझ्यासमोर एकदा पाजून दाखवा."

"आत्ताच प्यायली," सून म्हणाली. खोटं होतं. तिला परक्या बाईसमोर टॉवेल दातात धरायचा नव्हता, आणि ती कळ एक खेप पुढे ढकलता आली तर हवी होती. सिस्टरना अजून बरीच घरं करायची होती. त्यांनी बॅग उचलली. "परवा येते. वाढ दिसली नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल हिला. आणि तेव्हा मला पाजताना बघायचंय, आत्ताच प्यायली वगैरे ऐकणार नाही."

त्या गेल्यावर सून कितीतरी वेळ पाळण्याची दोरी धरून बसून राहिली. आपल्या हातातून हे लेकरू निसटतंय हे तिला कळत होतं. कसं, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मुठीला जवळ घेतलं. सासूबाई नेहमीप्रमाणे उठल्या, जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. जरा वेळाने बोळातली किरटी टकटक थांबली, मग तिच्या शेजारची, मग एकेक करून उरलेली. शेवटी उंच घड्याळ थांबलं, अगदी दाराला लागून. या वेळी सून बसून राहिली नाही. का राहिली नाही हे तिला नंतरही सांगता आलं नाही. वजनाचं ऐकून भीतीच संपली असेल. मुठीला तशीच छातीशी धरून ती अनवाणी उठली आणि दार उघडलं.

सासूबाई तिथे उभ्या होत्या. चपला हातात. उंच घड्याळाचं काचेचं दार उघडं, आणि त्यांनी लंबक मुठीत धरून ठेवला होता. कपाळ खोलीच्या लाकडी भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. आणि त्या जिभेने आवाज काढत होत्या, अगदी हळू. टक् टक् टक्. पोरीच्या आवाजात आवाज मिसळून.

सून उंबऱ्यातच थबकली. "आई?"

सासूबाईंनी डोळे उघडले. त्या दचकल्या नाहीत. "तोच आहे," त्या म्हणाल्या. "मी रोज ऐकते. रोज वाटतं आज वेगळा येईल. तोच आहे गं."

"कोण तोच?"

"आवाज. तिचा."

मग तिथेच, बोळात, त्यांनी सांगितलं. लंबक सोडलाच नाही. सुनेच्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. ती अशीच लागायची, अशीच टकटक करायची. त्यांनाही रक्त यायचं. सासरे, म्हणजे त्यांचे यजमान, दारात उभे राहून म्हणायचे, ठेका पक्का आहे, काळजी करू नकोस. मग ती कमी रडायला लागली, जास्त झोपायला लागली, शहाणी आहे पोर म्हणून शेजारीपाजारी वाखाणायला लागले. "हात असेच मिटलेले असायचे तिचे," सासूबाई म्हणाल्या. "एका दुपारी अंगावर असतानाच आवाज थांबला. मला वाटलं, पोट भरलं. मी किती तरी वेळ तशीच मांडीवर घेऊन बसले, हललेसुद्धा नाही. म्हटलं, झोप मोडायला नको."

सुनेने नकळत मुठीच्या नाकाशी बोट धरून बघितलं.

"नंतर सगळे म्हणाले, दूध वाईट होतं. तिच्या अंगी लागलं नाही. मग तुझा नवरा झाला तेव्हा मीच म्हटलं, याला माझ्यापाशी आणू नका. बाटलीवर वाढलाय तो. त्याला यातलं काही माहीत नाही."

"आणि मला का नाही सांगितलंत?" सुनेचा आवाज चढला. तिला राग आला होता, अगदी तळपायाची आग मस्तकात जावी तसा. "माझी पोर वाळत चाललीय आणि तुम्ही भिंतीआड उभ्या राहून ऐकताय?"

"काय सांगू? तुझंही दूध वाईट आहे, असं सांगू? मला सांगितलं होतं लोकांनी. ते घेऊन जगायचं कसं असतं, मला विचार." त्यांनी लंबक आणखी घट्ट धरला. "आणि वाटायचं, तोंडातून काढलं की खरं होईल."

मुठी निसटली आणि बारीक रडायला लागली. ते रडणंही आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. सुनेने जिन्यापाशी जाऊन खाली हाक मारली, "सिस्टरना फोन लाव. उद्या नको म्हणावं, आत्ता या."

सिस्टर संध्याकाळच्या आत आल्या. पायऱ्या चढून दम लागला होता तरी बोलणं चालूच. "दाखवा. आज कुणी आत्ताच प्यायलेलं नाहीये ना?" सुनेने मुठीला मांडीवर घेतलं, वाकली, डोक्यामागे हात लावून पोरीला पुढे दाबलं, श्वास रोखला. टक् टक् टक्.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "हा आवाज कधीपासून येतोय?"

"पहिल्यापासून."

"आणि मला बोलला नाहीत?"

"आम्हाला वाटलं, चालू आहे."

सिस्टरनी तिच्याकडे बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या त्या घड्याळांच्या भिंतीकडे. काहीतरी जोरात बोलायला तोंड उघडलं होतं ते त्यांनी मिटून घेतलं. "अहो ताई," त्या जरा हळू म्हणाल्या, "तोंडाची पकड सुटते तेव्हा तो आवाज येतो. ती पीत नाहीये, निसटतेय. नुसतं टोक धरून चावत बसलीय बिचारी, म्हणून तुम्हाला दुखतंय आणि तिला मिळत नाहीये." त्यांनी हात धुऊन करंगळी मुठीच्या तोंडात घालून बघितली. "जीभ मोकळी आहे, टाळू चांगला आहे. पोरीत काही खोट नाही."

"आणि दुधात?"

हे सासूबाईंनी विचारलं होतं. त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. खोलीत पाजणं चालू असताना त्या इतक्या आत पहिल्यांदाच आल्या होत्या.

"दुधाला काय धाड भरलीय?" सिस्टर म्हणाल्या. "बघा की, टपटप गळतंय. दूध असतं हो चांगलंच. तोंड नीट लागलं नाही तर भरल्या घरात लेकरू उपाशी राहतं."

सासूबाई चौकटीला धरून खाली बसल्या. सिस्टरना वाटलं, म्हातारं माणूस आहे, उभं राहून थकल्या असतील. सून त्यांच्याकडे बघत होती. तिचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही.

"तुम्ही काय काम करता?" सिस्टरनी तिला विचारलं.

"तबकड्या रंगवते."

"तरीच. तुम्ही तबकडीवर वाकावं तशा पोरीवर जाऊन पडताय. मागे टेका. अजून. खांदे सोडा, श्वास घ्या. आता तिला तुमच्याकडे आणायचं, तुम्ही तिच्याकडे जायचं नाही. पोटाला पोट लावा. डोक्यावरचा हात काढा, मानेखाली आणि पाठीला आधार द्या. डोकं दाबलं की तुम्हीसुद्धा मागे सराल ना? नाक बोंडासमोर. आणि आता वाट बघा."

"कशाची?"

"जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत. अर्ध्या तोंडावर समाधान मानायचं नाही."

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही तीच कळ, तोच आवाज. सुनेने सवयीने टॉवेल ओढला तर सिस्टरनी तो काढून घेतला. "दुखलं की सोडवायचं. ओठाच्या कोपऱ्यातून बोट घाला, हळूच सोडवा, पुन्हा सुरू करा. सोसल्याबद्दल इथे कुणी बक्षीस देत नाही." मुठी चिडली, लाल झाली, रडण्यासाठी तिने तोंड चांगलं मोठं उघडलं, आणि त्याच क्षणी सिस्टरनी तिच्या पाठीला हलकासा नेट दिला. हनुवटी आधी टेकली, मग वरचा ओठ.

आणि आवाज थांबला.

कळही आली नाही. नुसती ओढ, खोल, ओळखीची नसलेली. पण सुनेला ती जाणवण्याआधी शांतता जाणवली. बोळातली सगळी घड्याळं दुपारपासून बंदच होती, कुणाला चालू करायचं सुचलं नव्हतं. घरात कसलाच आवाज नव्हता. खाली नवऱ्याला काय वाटलं कोण जाणे, तो दोन दोन पायऱ्या ओलांडत वर आला. "काय झालं? इतकं गप्प का?" आणि सासूबाई उठल्या होत्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "थांबला," त्या म्हणाल्या. "आवाज थांबला गं. तिला उठव. उठव तिला."

सुनेचं बोट पोरीच्या ओठाच्या कोपऱ्याशी गेलंसुद्धा. तिने मुठीला जवळजवळ ओढूनच काढलं असतं.

"कुणी हात लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "या इकडे, आजी. जवळ या. कान द्या."

सासूबाई वाकल्या. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. उसासा टाकावा इतकं हलकं, गळ्यातून खाली काहीतरी उतरल्याचं. थोडं थांबून पुन्हा. मुठीच्या कानाजवळचं हाड सावकाश हलत होतं.

"हे गिळणं," सिस्टर म्हणाल्या. "पिण्याचा आवाज हा असतो. एवढाच."

सासूबाई तशाच वाकून ऐकत राहिल्या, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं तरी त्यांनी पुसलं नाही. मग नवराच म्हणाला, "अरे, हात बघा तिचा."

मुठीचा वरचा हात आईच्या छातीवर होता. अंगठा सुटला, मग एकेक बोट. तळवा पूर्ण उघडला आणि तसाच पडून राहिला. आत धाग्यांचा मळकट गुंता तेवढा होता.

"एवढंच लपवलं होतं होय," नवरा म्हणाला, आणि ते धागे एकेक करून वेचायला लागला.

"भुकेलं लेकरू मूठ सोडत नाही," सिस्टर बॅग आवरत म्हणाल्या. "पोट भरलं की आपोआप सुटते." बाकीच्या सूचना त्यांनी जिन्यात उभं राहून दिल्या. वजन चढेपर्यंत प्रत्येक खेपेनंतर दूध काढून चमच्याने पाजायचं, भेगांना आपलंच दूध लावायचं, आणि आवाज आला की सोडवायचं.

एका दिवसात सगळं सुरळीत झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रात्री पुन्हा निसटली, पुन्हा दुखलं, सून पुन्हा रडली. पण आता ती मागे टेकून रडत होती. भेगा हळूहळू भरल्या. सिस्टर ठरल्याप्रमाणे आल्या तेव्हा काटा थोडासा हलला होता, त्याच्या पुढच्या खेपेला चांगलाच हलला, आणि दवाखान्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

घड्याळं मात्र थांबतच राहिली. फरक एवढाच की आता सासूबाई उघड उघड थांबवायच्या. पाजायची वेळ झाली की बोळातून जाताना एकेका लंबकाला हात लावायच्या, खोलीत येऊन सुनेच्या पायाशी बसायच्या, आणि गिळण्याचा आवाज ऐकायच्या. सगळी घड्याळं मागे पडायला लागली. नवरा एका दुपारी वैतागून वर आला. "आई, अगं, गिऱ्हाइकांना काय सांगू मी? एक घड्याळ धड वेळेवर नाही."

सासूबाईंचं बोट मुठीच्या उघड्या तळव्यात होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. सुनेने मान हलवली.

"बस इथे," त्या मुलाला म्हणाल्या. "तुला एक मोठी बहीण होती. माझं दूध वाईट नव्हतं."

तो बसला. त्या सांगायला लागल्या, आणि सांगून होईपर्यंत घरात मुठीच्या पिण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.